मांड सातबाऱ्यावर नाही

मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत देवळासमोर किंवा वाडीच्या तिठ्यावर एक मोकळी जागा राखलेली असते. तिला मांड म्हणतात. शिमग्याची होळी तिथेच, ठरलेल्या खड्ड्यात उभी राहते. मानकरी जमतात, गाऱ्हाणे घातले जाते आणि सगळा जमाव 'होय म्हाराजा' म्हणतो. वाटेचा वाद असो की देवकार्याची वर्गणी, गावाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या इथेच ठरत आल्या. महसुली दप्तरात मात्र या जागेचा पुष्कळदा मागमूस नसतो.

याचे मूळ कोकणच्या जमीनधारणेत आहे. देशावरच्या गावाला गावठाण असते, गायरान असते. इथे वाड्या विखुरलेल्या, घरे आपापल्या जमिनीत, आणि खोतीमुळे पडीक-वरकसही खासगी खात्यांत गेलेले. 1949 च्या कायद्याने खोती गेली, पण गावाच्या वापरातली जागा गावाच्या नावावर आली नाही. त्यामुळे मांड कुणाच्या तरी सामाईक सातबाऱ्यात राहिला. जमिनीला भाव नव्हता तोवर त्याने काही बिघडले नाही.

आता भाव आला आहे. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. सामाईक खात्यातली निम्मी नावे मुंबईत. तिसऱ्या पिढीला मांड कुठून कुठवर, हे ठाऊक नसते. वाटप होते, हिस्सा विकला जातो, मोजणी होते आणि चिऱ्याचा गडगा उभा राहतो. घेणाऱ्याला दोष देऊन भागत नाही; त्याने कागद पाहिला आणि कागदावर गावाचा कुठलाच हक्क नव्हता.

गावपणाला मोकळी जमीन किती लागते, हे आचऱ्याच्या गावपळणीत दिसते. काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. माळावर झावळ्यांच्या राहुट्या पडतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, रात्री भजने होतात. ही प्रथा श्रद्धेइतकीच शेजारच्या गावांच्या उघड्या माळावर उभी आहे. तो माळ कुंपणात गेला, तर कौल मिळूनही गावाने जायचे कुठे?

कायदा आपोआप धावून येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. पण जी जागा मुळात खासगी खात्यात आहे, तिला हा निकाल कितपत तारणार? 1882 चा सुविधाधिकार कायदा रूढीने मिळालेला हक्क मानतो; मात्र ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. साक्षीदार म्हातारे होत चालले आहेत. सामूहिक वहिवाट कागदावर नीट उतरली नाही की काय होते, हे याच जिल्ह्यातल्या आंबोली, चौकुळ, गेळे गावांनी भोगले आहे. तिथल्या कबुलायतदार गावकर जमिनींवर शासनाचे नाव लागले आणि हक्कासाठी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. इंग्लंडने 1965 मध्ये कायदा करून गावमैदानांची नोंदणी मागितली. मुदतीत जी नोंदली गेली नाहीत, त्यांचा कायदेशीर दर्जा गेला. पुढे काही मैदानांना तो परत मिळाला, पण त्यासाठी वीस वर्षांचा अखंड वापर सिद्ध करावा लागला.

मांडावर सगळे सारखे होते, असे मात्र नाही. कोण पुढे उभा राहील आणि कोणी लांबूनच हात जोडायचे, हे जातीने ठरत असे. निर्णयात बायकांना जागा नव्हती. मानपानाच्या भांडणांनी कोकणात देवळांना कुलपे लागली आहेत, पोलीस बंदोबस्तात शिमगे झाले आहेत. ज्यांना मांडाने कधी आपले म्हटले नाही, त्यांनी तो वाचवायला का यावे? गावाला या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल. सुशोभीकरणाचा धोकाही कमी नाही. निधी आला की पेव्हर ब्लॉक बसतात, वर पत्र्याची शेड येते. मग होळीचा खड्डा काढायला माती उरत नाही आणि उंच होळी उभी करायला आभाळ उरत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण हाताशी आहे. 1 मेच्या ग्रामसभेच्या सुमारास चाकरमानी सुट्टीला गावात असतात. त्याच वेळी मांडाच्या चतुःसीमा ठराव करून लिहाव्यात, नकाशा काढावा, जुन्या माणसांचे जबाब घ्यावेत आणि सहहिस्सेदारांच्या संमतीने सातबाऱ्याच्या इतर हक्कात गावाच्या वहिवाटीची नोंद मागावी. नकार देणाऱ्याशी वाटाघाट आज करता येते, कारण तो अजून गावचाच आहे. जमीन विकली गेल्यावर समोर परका मालक असेल, आणि गावाला दाखवायला आठवणीपलीकडे काही नसेल.