आधी स्वदेश, मग जग?

अमेरिकेतील शाळांत महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकवण्याची ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाची योजना आहे आणि तिच्यातील तुलनात्मक राजकारणाच्या अभ्यासक्रमात ब्रिटन, रशिया, चीन, इराण, मेक्सिको व नायजेरिया हे सहा देश येतात. यावर एक आक्षेप सतत घेतला जातो: सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्वदेशाची घटना धड ठाऊक नसताना परदेशांचे ओझे कशाला, लोकशाही आणि हुकूमशाही एकाच पंक्तीला का बसवायच्या, आणि जगाचे प्रश्न कळायला वर्तमानपत्र पुरेसे नाही का?

‘आधी स्वदेश’ हा मुद्दा बिनतोड वाटतो आणि तरीही तो मुळातच चुकीचा आहे. अमेरिकेत अध्यक्षाची निवड राज्यवार निर्वाचक मंडळातून होते व त्यामुळे देशभर अधिक मते मिळवणाराही हरू शकतो, हे तेथील विद्यार्थी पाठ करतो. पण संघराज्याने आपला प्रमुख निवडण्याची दुसरी रीत असू शकते, हे त्याच्या मनातही येत नाही. नायजेरियात सर्वाधिक मते मिळवणे पुरेसे नसते. ३६ राज्ये व राजधानी अबुजा यांपैकी किमान दोन-तृतीयांश ठिकाणी एक-चतुर्थांश मते मिळवावी लागतात. प्रदेशाप्रदेशांत विभागलेले पक्ष आणि १९६७ ते १९७० चे बियाफ्रा प्रदेशाच्या फुटून निघण्यावरून झालेले यादवी युद्ध अनुभवलेल्या देशाने १९७९ च्या घटनेत हे तत्त्व आणले, हे समजले की विद्यार्थी स्वदेशाविषयीच विचारू लागतो, की अमेरिकेतील उमेदवार मोजक्याच राज्यांत का ठाण मांडतात. स्वदेशाविषयीचा हा प्रश्न परदेशाने दिला, आणि आक्षेपकांना नेमके हेच दिसत नाही.

पंक्तिभेदाचा आग्रहही टिकत नाही. इराणमध्ये निवडणुका होतात, पण उमेदवारांना बारा जणांचे पालक मंडळ चाळते आणि त्यांतील सहा जणांना सर्वोच्च नेता नेमतो. मतदान आणि लोकशाही यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. आणि वर्तमानपत्रही पुरेसे नाही: ते घडामोडी सांगते, रचना नव्हे.

तुलना ही विचाराची शिस्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी व ब्रिटिश पद्धती शेजारी ठेवून, स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला अधिक महत्त्व देत, संसदीय पद्धतीचे समर्थन केले. वर्गातही देशवार टिपणे न घोकता एकच प्रश्न सहाही देशांना विचारावा. सत्ताधाऱ्याला पायउतार कोण करतो, हा प्रश्न घेतला, तर ब्रिटनमध्ये स्वपक्षाचे खासदारही पंतप्रधानाला जायला लावू शकतात, मेक्सिकोत अध्यक्षाला सहा वर्षांची एकच कारकीर्द मिळते, आणि चीनने राष्ट्राध्यक्षपदाची दोन कारकिर्दींची मर्यादा २०१८ मध्ये काढून टाकली.