सरासरीच्या आड दडलेली दरी

महाराष्ट्र हे देशातील संपन्न राज्य होय, हे विधान आता सुभाषितासारखे उच्चारले जाते. ते असत्य नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा १३.३ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होता. मात्र ही संपन्नता नेमकी कोठे वसते, हा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही. दरडोई उत्पन्नाच्या जिल्हानिहाय यादीत मुंबई, ठाणे, पुणे वर्षानुवर्षे शिरोभागी आहेत, तर नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाशी. राज्याची सरासरी या दोन्ही टोकांवर एकच पांघरूण घालते.

ही दरी मोजण्याचा गंभीर प्रयत्न राज्यात झाला नाही, असे नव्हे. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे वचन होते. ते किती पाळले गेले, हे प्रा. वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाने दाखवून दिले. राज्य सरासरी प्रमाण मानून समितीने ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यातील सुमारे दोन हजार कोटी एकट्या विदर्भ-मराठवाड्याचे होते. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हाही असमतोल कायमच होता.

मोजमापातही एक मेख आहे. उत्पन्न जेथे निर्माण होते, तेथे ते नोंदले जाते. बीडचा ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या फडात घाम गाळतो. त्या श्रमाचे मूल्य तेथील जिल्ह्याच्या खाती जमा होते. त्याच्या गावी मात्र उरतात ती बंद घरे आणि शाळा सुटलेली मुले. शिवाय जिल्ह्याची सरासरीही फसवी असते. ठाणे जिल्ह्याच्या भरभराटीत शहापूर, मुरबाडचे वनवासी पाडे दिसत नाहीत. म्हणून मोजणी तालुक्यापर्यंत, शक्य तेथे गावापर्यंत उतरली पाहिजे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदय विचाराचा हाच आशय आहे. विकासाची कसोटी शिखराच्या उंचीवर नव्हे, तर अखेरच्या माणसाच्या स्थितीवर लागते. २०१८ मध्ये देशभरात आरंभलेल्या आकांक्षी जिल्हा कार्यक्रमात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांची निवड झाली, हे पाऊल त्याच दिशेचे होय. परंतु शासनाच्या योजनेला समाजाच्या पुरुषार्थाची जोड हवी. शरीराचा एकच अवयव फुगणे हे आरोग्याचे नव्हे, व्याधीचे लक्षण असते. राष्ट्रदेहालाही हाच नियम लागू आहे.