"केमिकल फ्री" साबण आणि आपला भाबडेपणा

मंडळी, दिवाळी तोंडावर आलीय. आता चौकाचौकात बचत गटांचे स्टॉल लागतील. उटणं, साबण, पणत्या, चिवडा, चकल्या. मी दरवर्षी घेते, यंदाही घेणार. पण मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत अशाच एका स्टॉलवरून खोबरेल-हळदीचा साबण आणला. ८० रुपयांना वडी, वास झकास. नरक चतुर्दशीला नणंदेच्या चार वर्षांच्या लेकीला त्याच साबणानं अंघोळ घातली. अर्ध्या तासात पोरीची पाठ लालेलाल, रडून रडून आकांत. सणाच्या दिवशी डॉक्टर शोधत फिरलो. डॉक्टरांनी विचारलं, साबणाचं वेष्टन आहे का? होतं. त्यावर कमळाचं चित्र आणि तीन ओळी: "१००% नैसर्गिक. केमिकल फ्री. प्रेमाने बनवलेला." डॉक्टर म्हणाले, "प्रेम कळलं. बाकी काय घातलंय?"

कुणाला सांगता येईना. वेष्टनावर ना नाव, ना गाव, ना फोन, ना तारीख. पोर चार दिवसांत बरी झाली, म्हणून आज हे शांतपणे लिहितेय. पुढे विचारत विचारत त्या ताईंपर्यंत पोचले. भांडायला गेले होते, पण त्यांचा चेहरा पाहून भांडण घशातच राहिलं. त्या खरंच घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, एका दिवसाच्या शिबिरात शिकवलं तसंच केलं. कॉस्टिक वाटीनं मोजून घातला."

वाटीनं! इथं जरा थांबते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना (मलाही तेव्हा) हे ठाऊक नसतं. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की त्यांचा साबण होतो. कॉस्टिकशिवाय वडीचा साबण होतच नाही, मग तो आजीच्या पद्धतीचा असो की कारखान्याचा. म्हणजे "केमिकल फ्री साबण" ही चीजच जगात नाही. माप बरोबर असेल तर सगळा कॉस्टिक तेलात मुरून जातो आणि साबण निर्धोक होतो. एक किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक पुरतो. जाणकार त्यातूनही पाचेक टक्के कमी घालतात, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि कातडीला त्रास होत नाही. तेल बदललं की मापही बदलतं. करंजाला खोबरेलाचं माप लावलं तर कॉस्टिक उरणार, आणि उरलेला कॉस्टिक कातडी भाजणार. म्हणून इथं वाटी चालत नाही, ग्रॅमचा काटाच लागतो. वर चार ते सहा आठवडे वड्या वाळवायच्या असतात. आमची वडी आठ दिवसांची होती. ऑर्डरी जास्त होत्या म्हणे.

पोरीची पाठ नेमकी कशानं भाजली? जास्तीच्या कॉस्टिकनं, वासाच्या तेलानं की रंगानं? आजही सांगता येत नाही. का, तर वेष्टनावर काही लिहिलेलंच नव्हतं.

आता कायद्याचं बघू. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात पूर्वी साबण सौंदर्यप्रसाधनांत धरत नसत. १९८२ च्या दुरुस्तीनं ती सूट गेली. आज २०२० चे कॉस्मेटिक्स नियम लागू आहेत. विकण्यासाठी साबण करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. लेबलवर करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ते आणि घटकांची यादी हवी, तीही जास्त प्रमाणात असलेला घटक आधी अशा क्रमानं. शिवाय वजनमापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किंमत. आणि "इसब बरा होतो", "सोरायसिस जातो" असलं काही छापलंत तर प्रकरण औषधाच्या कायद्यात जातं. ते तर अजिबात नको.

आपल्या स्टॉलवरच्या किती वड्यांवर हे असतं? मी शोधलं. मला एकही दिसली नाही.

आता कुणी म्हणेल, हिला गोरगरीब बायकांची कमाई खुपते. खुपत नाही हो. माझा राग त्या ताईंवर नाहीच. त्यांना एका दिवसात साबण शिकवून, प्रमाणपत्र हातात देऊन, फोटो काढून निघून गेलेल्यांवर आहे. प्रदर्शनाची फीत कापायला सगळे हजर असतात. पण शिबिरात परवान्याचा "प" कुणी काढत नाही, काटा कुणी देत नाही, हातमोजे-चष्मा कुणी देत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर नोटीस कुणाला जाणार? फीत कापणाऱ्याला नाही, त्या ताईला.

आणि कायदाही छोट्या माणसाचा विचार करत नाही, हेही म्हटलंच पाहिजे. पापड-लोणची करणाऱ्या छोट्या गटाला अन्नाच्या कायद्यात साध्या नोंदणीची सोय आहे, फीही नाममात्र. साबणाला तशी छोटी पायरीच नाही. वेगळी जागा, जाणकार माणूस, सगळी व्यवस्था दाखवा, मग परवाना. दोन खोल्यांच्या घरात हे कुणाला जमणार?

पण एक वाट याच नियमांत आहे. दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत आपला माल बनवण्याचा परवाना मिळू शकतो. मग प्रभागसंघामार्फत तालुक्याला एक सामायिक साबण केंद्र का होऊ नये? एक जागा, दोन चांगले काटे, रसायनशास्त्र शिकलेली एक मुलगी (गावात अशा डझनभर घरी बसून आहेत), आणि गटांनी पाळीपाळीनं येऊन आपला माल करायचा. नगरपालिकेचे गाळे वर्षानुवर्षं कुलूपबंद आहेत. त्यातला एक द्या. आपले नगरसेवक आणि पंचायत समितीचे सदस्य ही पोस्ट वाचत असतील, तर उत्तर खालीच द्यावं.

तोवर करणाऱ्या ताईंना हात जोडून विनंती. वाटी सोडा, काटा घ्या. कॉस्टिक पाण्यात घाला, पाणी कॉस्टिकवर ओतू नका. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका. लेकरं लांब ठेवा. तयार बेस आणून वितळवत असाल तर तसं सांगा, त्यात लाज कसली? आणि हातानं का होईना, चिठ्ठीवर लिहा: कुणी केला, कधी केला, कुठली तेलं, कुठला वास, कुठला रंग. बदामाचं तेल असेल तर ठळक लिहा, काहींना सोसत नाही. अशा चिठ्ठीनं परवान्याचं काम भागत नाही, पण डॉक्टरांनी विचारलं तर आईला उत्तर देता येतं.

आणि घेणाऱ्यांनो, "केमिकल फ्री" वाचून हुरळू नका. "ताई, यात काय काय आहे, आणि कधी केलाय?" एवढं विचारा. नीट उत्तर मिळालं तर घासाघीस न करता घ्या.

त्या ताईंनी आता काटा घेतलाय. परवा त्यांच्याकडून दोन वड्या आणल्या. चिठ्ठीवर त्यांचं नाव आहे, फोन आहे आणि सात आठवड्यांपूर्वीची तारीख आहे. पहिली वडी मी स्वतः वापरतेय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर.