डिझेल नेमके कुठे मुरते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या एका स्नेह्यांचा मध्यंतरी निरोप आला. त्यांचा स्वतःचा मालट्रक आहे. 2018 सालचा, बीएस-फोर, कॉमनरेल इंजिनाचा. वाशीच्या बाजारास जाऊन येऊन सुमारे 740 किलोमीटर होतात. लिटरला साडेपाच किलोमीटर देणारी गाडी 4.8 वर आली होती. म्हणजे प्रत्येक खेपेस जवळजवळ 20 लिटर अधिक. नव्वदचा भाव धरला तरी अठराशे रुपये. चिरंजीवांचा निष्कर्ष तयार होता : चालक डिझेल काढतो. चौदा वर्षे चाकरीत असलेल्या त्या गृहस्थास पाडव्यानंतर रजा द्यायची, एवढेच उरले होते. मी हिशेब पाहून मान डोलवावी, अशी अपेक्षा असावी.

आपल्या अठरा पापस्थानकांत अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ, हे तेरावे. प्रतिक्रमणात आपण ते उच्चारतो. पेढीवर बसल्यावर मात्र त्याची आठवण राहतेच असे नाही.

वही पाहिली. पावत्या दोन हजारांच्या, तीन हजारांच्या. टाकी पूर्ण भरल्याची एकही नोंद नाही. अशा नोंदींवरून एका खेपेचा ॲव्हरेज काढणे म्हणजे आरंभीची शिल्लक न घेता रोजमेळ जुळवणे. मी सुचवले, की निघताना टाकी गळ्यापर्यंत भरावी, किलोमीटर लिहावेत, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरावी आणि चिरंजीवांनी स्वतः गाडीत बसावे. दोन खेपा झाल्या. मालकाचा मुलगा शेजारी बसलेला असतानाही आकडा 4.8 च!

याच प्रवासात चालकाने त्यांना एक गोष्ट दाखवली. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा मध्यापर्यंत जाई. साताऱ्यापुढे कऱ्हाडकडील सपाटीस लागले की तो खाली उतरे. हे त्याने पूर्वीही सांगितले होते. कुणी मनावर घेतले नव्हते.

गॅरेजचा सल्ला सर्व इंजेक्टर बदलण्याचा होता. खर्च लाखाच्या घरात. त्याआधी रिटर्न नळ्यांना बाटल्या लावून प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो, ते मोजून घेतले. सर्व बाटल्या जवळपास सारख्या भरल्या. इंजेक्टरवरचा मुख्य संशय तेथेच फिटला. एअर फिल्टर स्वच्छ होता, काळा धूरही नव्हता. मग थर्मोस्टॅटचे झाकण उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नाही! गेल्या उन्हाळ्यात इंजिन तापत होते, तेव्हा एका मेस्त्रीने तो काढून टाकला होता. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो. मूळ दोष रेडिएटर तुंबल्याचा होता, तो तसाच राहिला.

थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिनास आवश्यक ऊब, साधारण 80 अंशांच्या आसपासची, टिकत नाही. सेन्सर इंजिन थंड असल्याचे कळवतो आणि संगणक त्या समजुतीनेच डिझेल सोडत राहतो. गार ऑइल दाट राहते, घर्षण वाढते. चढावर ही उणीव झाकली जाते, सपाटीवर उघडी पडते.

रेडिएटर साफ करून नवा थर्मोस्टॅट बसवला. खर्च काही हजारांत आटोपला. तरी मी आणखी एक गोष्ट पाहण्यास सांगितले : गाडी थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यावा. मागील उजवा ड्रम इतरांहून फारच तापलेला होता. ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. तोही दुरुस्त झाला.

पुढील खेपेचा आकडा 5.3 आला. उरलेल्या 0.2 साठी टायरची हवा आता दर खेपेस मोजली जाते. टाकीची नोंद चालक स्वतः वहीत लिहितो, खाली सही करतो. आपल्यावर संशय होता हे त्यास पहिल्यापासून ठाऊक होते, असे स्नेह्यांनी मला नंतर सांगितले. चिरंजीव त्याच्या घरी जाऊन आले, तेव्हा त्याने चहा पाजला आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही.