व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका

व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे इंजेक्शन सलाईनच्या छोट्या पिशवीतूनच दिले जावे, सिरिंजमध्ये ते कधीही भरले जाऊ नये, असा सक्तीचा नियम राज्यातल्या सर्व सरकारी आणि खासगी रुग्णालयांना लागू व्हावा, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी कर्करोग विभागात परिचारिका आहे आणि हे औषध माझ्या रोजच्या कामातले आहे.

सदाफुलीच्या झाडापासून मिळणाऱ्या या औषधाला अमेरिकेत 1963 साली मान्यता मिळाली. मुलांचा रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा, मूत्रपिंडाची विल्म्स गाठ अशा आजारांत आजही त्याच्यावाचून चालत नाही. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार नीट पूर्ण केलेली बहुसंख्य मुले आज बरी होतात, त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. त्यामुळे या पत्राचा अर्थ कोणीही ‘औषध घातक आहे, घेऊ नका’ असा लावू नये. शिरेतून, योग्य मात्रेत दिले तर ते मुलांचे प्राण वाचवते.

त्याचे दुष्परिणाम मात्र समजून घ्यायला हवेत. पेशी दुभंगताना तिच्या आत ज्या सूक्ष्म नलिका तयार व्हाव्या लागतात, त्या हे औषध होऊ देत नाही. मज्जातंतूंचे कामही अशाच नलिकांवर चालते. म्हणून बोटांना मुंग्या येतात, शर्टाचे बटण लावता येत नाही, पाऊल लुळे पडून चप्पल पायातून निसटते, जबडा दुखतो, कित्येक दिवस शौचास होत नाही. पालक हे सगळे ‘केमोचा अशक्तपणा’ समजून सांगतच नाहीत. वेळीच सांगितले तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, बद्धकोष्ठावर औषध देऊ शकतात. त्यातच गजकर्णासाठी गल्लीतल्या दवाखान्यातून इट्राकोनॅझोलच्या गोळ्या चालू केल्या, तर व्हिन्क्रिस्टीन शरीरात साचून हाच त्रास खूप वाढतो. केमो चालू असताना कोणतीही नवी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

शिरेतून दिल्यावर हे औषध मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात फारसे पोहोचत नाही, म्हणूनच ते सोसते. तेच चुकून पाठीच्या कण्यातून थेट त्या द्रवात गेले, तर पायांपासून वर चढत जाणारा लकवा होतो आणि रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. यावर उतारा नाही. ताबडतोब तो द्रव काढून धुण्याचा प्रयत्न केला तरी वाचलेले रुग्ण अगदी मोजके आणि तेही बहुधा कायमचे अपंग.

अशी चूक होते तरी कशी? या मुलांना शिरेतल्या औषधांखेरीज ‘पाठीतले इंजेक्शन’ही द्यावे लागते, बहुतेकदा मेथोट्रेक्सेट. पुष्कळदा दोन्ही एकाच दिवशी असतात. व्हिन्क्रिस्टीनची मात्रा सहसा 2 मिलिग्रॅमच्या आतच ठेवतात, म्हणजे जेमतेम 2 मिलिलिटर औषध. ते छोट्या सिरिंजमध्ये मावते आणि पाठीतले औषधही सिरिंजमध्येच असते. मूल गुंगीत आहे, सुई पाठीत आहे, डॉक्टर हात पुढे करतात आणि ट्रेमध्ये दोन सिरिंज शेजारी शेजारी आहेत. अनर्थ व्हायला एवढे पुरते.

‘आमच्याकडे सगळे काळजी घेतात, असे होणार नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने 2000 साली पाठीतल्या इंजेक्शनच्या चुकांनी होणारे मृत्यू पुढच्या वर्षअखेर शून्यावर आणण्याचे ठरवले होते. 2001 च्या जानेवारीतच नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयात 18 वर्षांच्या तरुणाला व्हिन्क्रिस्टीन पाठीतून दिले गेले आणि महिन्याभरात तो गेला. त्याचा रक्ताचा कर्करोग तोपर्यंत आटोक्यात आलेला होता. नियम होते, लेबले होती, शिकलेली माणसे होती. तरीही सिरिंज पाठीच्या सुईला बसली. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना इशारा देऊन हे औषध छोट्या पिशवीत पातळ करूनच द्यावे, असे सांगितले. अमेरिकेतही सिरिंजमधून देण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकातून आता काढून टाकली आहे.

पिशवीने फरक पडतो तो असा: 50 मिलिलिटरची नळी लावलेली पिशवी पाहून कोणीही ती पाठीत द्यायला घेणार नाही. दमलेल्या, घाईतल्या माणसाच्याही हातून चूक होणार नाही, अशी ही सोय आहे.

यावर सहकाऱ्यांचा एक आक्षेप रास्त आहे. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर त्वचा आणि स्नायू जळतात आणि लहान मुलांच्या शिरा नाजूक असतात. सिरिंजने देताना लक्ष राहते, पिशवी लावून सिस्टर निघून जाईल, अशी भीती वाटते. त्यावर उपाय आहेत. आधी शिरेतून रक्त मागे येते का पाहावे, पंप न लावता पिशवी 5 ते 10 मिनिटांत सोडावी आणि तेवढा वेळ सिस्टरने खाटेजवळून हलू नये. झिरपलेच तर औषध लगेच थांबवून, राहिलेले ओढून घेऊन कोमट शेक द्यावा. या औषधाला बर्फ चालत नाही. हाताची जखम बरी करता येते, पाठीतली चूक निस्तरता येत नाही. हा हिशेब सरळ आहे.

म्हणून सार्वजनिक आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासनाने पुढील गोष्टी सक्तीच्या कराव्यात. व्हिन्क्रिस्टीन पिशवीतच तयार व्हावे. ‘फक्त शिरेतून, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक’ हे त्यावर मराठीतही ठळक लिहावे. पाठीतले इंजेक्शन वेगळ्या जागी द्यावे आणि ते होईपर्यंत व्हिन्क्रिस्टीन त्या खोलीत येऊच नये. देण्याआधी दोघांनी नाव, औषध आणि मार्ग मोठ्याने वाचावा. बाहेरच्या दुकानातून बर्फाच्या डब्यात औषधे आणणाऱ्या नातेवाइकांकडून ती थेट उपचाराच्या खोलीत न घेता औषध विभागातच जमा करून घ्यावीत.

या सगळ्याला नवे यंत्र लागत नाही, परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. सलाईनची छोटी पिशवी प्रत्येक रुग्णालयात आहे. नियम निघेपर्यंत पालकांनी ‘आजचे व्हिन्क्रिस्टीन पिशवीत आहे ना?’ असे निःसंकोच विचारावे आणि माझ्या सहकाऱ्यांनी त्या प्रश्नाचा राग मानू नये.

आपली,
कर्करोग विभागातील एक परिचारिका, नाशिक