शेजाऱ्याचे आकाश

फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो या दोन राजधान्यांच्या विमानतळांमधील सरळ अंतर आठ हजार किलोमीटरांहून थोडे कमीच आहे. २०२२ च्या आरंभापर्यंत हा प्रवास सुमारे साडेनऊ तासांत होत असे. त्या वर्षापासून त्याला सुमारे तेरा तास लागू लागले. शहरे जागची हलली नाहीत आणि विमानांचा वेगही मंदावला नाही. मग हे साडेतीन तास आले कोठून?

याचे उत्तर भूगोलात नाही, राजकारणात आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने त्याची तत्काळ परतफेड केली. सैबेरियावरील हमरस्ता असा बंद होताच फिनलंडच्या विमानांना उत्तर ध्रुवावरून किंवा मध्य आशियावरून वळसा घेणे भाग पडले. यातील विलक्षण गोष्ट अशी की, १९८३ साली फिनएअरने हेलसिंकी–टोकियो ही विनाथांबा सेवा सुरू केली तीही ध्रुवावरूनच; कारण तेव्हा सोव्हिएत आकाश तिला मोकळे नव्हते. एकोणचाळीस वर्षांत विमानविद्या कितीतरी पुढे गेली. मार्ग मात्र होता तेथेच येऊन ठेपला!

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण स्वामित्व मान्य केले आहे. नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा हा विमानाचा हक्क नव्हे. वाटेतील प्रत्येक राष्ट्राच्या अनुमतीवर ती अवलंबून असते.

हा अनुभव आम्हांलाही परका नाही. १९७१ च्या जानेवारीअखेरीस ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व पुढे जाळण्यात आले. तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले आणि कराची–ढाका प्रवासाला थेट श्रीलंकेचा वळसा पडला. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपल्या आकाशाचा बहुतेक भाग सुमारे साडेचार महिने बंद ठेवला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर उभय देशांनी परस्परांच्या विमानांना पुन्हा मज्जाव केला. मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेस जाऊ शकते, म्हणून मुंबईकराला याची झळ तुलनेने कमी लागली. दिल्लीहून लंडनला निघालेल्या भारतीय विमानाला मात्र आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत यावे लागले.

आकाश बंद करणे नेहमीच अन्याय्य असते, असे आम्ही म्हणत नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २९८ माणसे प्राणास मुकली. खाली युद्ध पेटले असताना त्या उंचीवरचे आकाश खुले ठेवण्यात आले होते. तेथे ते बंद करणे हेच कर्तव्य होते. परंतु धोक्यामुळे मार्ग बंद करणे निराळे आणि शिक्षा म्हणून बंद करणे निराळे. आक्रमकाला आणि दहशतवादाच्या पाठीराख्याला जाब विचारलाच पाहिजे; पण आकाशबंदीच्या शिक्षेतील जादा इंधनाचा भार अखेर तिकीट काढणाऱ्या प्रवाशावरच येतो. म्हणून अशी बंदी महिन्यामागून महिना नुसत्या सूचनापत्रकाने वाढू नये. तिने काय साधले, हे प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी सरकारने लोकांस सांगितले पाहिजे. जो वळशाचा खर्च सोसतो, त्याला त्याचे कारण विचारण्याचा अधिकार आहे.