तुरुंगरक्षकाचे शिक्षण

कायद्याचे नाव बदलले की तुरुंग बदलतो, असा समज रूढ होऊ पाहत आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याची जागा घेण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा कायदा राज्यांपुढे ठेवला. 'सुधारसेवा' हा शब्द स्वागतार्हच होय; परंतु ही सेवा करावयाची कोणी? कैद्याचा अहोरात्र संबंध येतो तो अधीक्षकाशी नव्हे, तर बराकीवरच्या रक्षकाशी.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत १०० जागांमागे १३१ कैदी होते. दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. त्यांच्यातील व्यसनाधीन वा मनोरुग्ण ओळखणे, आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलेल्यास वेळीच सावरणे, हे कवायतीने साधत नाही. त्यास शिक्षण लागते.

न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच तुरुंग प्रशासनासाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवेची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. आदर्श नियमावलीनुसार ६ कैद्यांमागे १ रक्षक हवा. पदेच रिक्त असता एकास प्रशिक्षणास धाडावे, तर त्याची पाळी दुसऱ्याच्या माथी येते. साहजिकच प्रशिक्षण लांबणीवर पडते.

म्हणून प्रथम रिक्त पदे भरावीत, प्रशिक्षणार्थींच्या जागी उभी राहणारी राखीव पदे मंजूर करावीत आणि उजळणी वर्ग सक्तीचे करावेत. एरवी पाटीवरील नवे नाव ही केवळ रंगरंगोटी ठरेल.